गॅस गेला असेल!

खान्देशात एप्रिल लागला की घरोघरी दोनच आकड्यांची चर्चा चालते. एक बाहेरच्या तापमानाचा, दुसरा आतल्या. बाहेरच्याचा अभिमान असतो, आतल्याची तक्रार. जळगावकराने पुण्याच्या पाहुण्याला फोनवर "आज 44 आहे" असं सांगितलं, तर त्या स्वरात दुःख शोधू नये. तिथे भुसावळचा माणूस हजर असला तर तो शांतपणे ऐकून घेतो, रुमालाने मान पुसतो आणि "आमच्याकडे 46, तेही सावलीत" एवढंच बोलतो. हवामान खात्याचा पारा सगळीकडे सावलीतच मोजतात, जळगावचा 44 सुद्धा सावलीतलाच असतो. पण हे त्याला सांगेपर्यंत धुळ्याचा माणूस बोलायला लागलेला असतो. धुळेकराची बाजू भक्कम. जानेवारीत तिथल्या कृषी महाविद्यालयात पारा 5-6 अंशांवर आला की धुळं पेपरात, आणि मे महिन्यात तोच पारा 42-43 च्या पुढे गेला की धुळं पुन्हा पेपरात. दोन्ही हंगामांत छापून येण्याचं भाग्य भुसावळच्या नशिबी नाही.

अशा मुलखात पूर्वी गार हवा खायची ठिकाणं मोजकी होती. सराफ बाजारातलं एखादं मोठं दुकान, डॉक्टरांची केबिन आणि एटीएम. मंगळसूत्राचे सगळे नमुने बघून "ह्यांना विचारून येते" म्हणत उठणाऱ्या बायकांना नमुन्यांत रस नव्हता, हे सराफालाही कळत असे. तो पाणी विचारायचा आणि गप्प बसायचा. एटीएममध्ये माणूस आधी शिल्लक बघे, मग पावती काढे, मग पावतीवरची शिल्लक पडद्यावरच्या शिलकेशी ताडून बघे. वास्तविक तिथला एसी माणसासाठी नसतो, यंत्रासाठी असतो. तसं तर एसीचा जन्मच माणसासाठी झालेला नाही. 1902 साली विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी ही व्यवस्था आखली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. आधी कागदाची सोय झाली. माणसांचा नंबर नंतर लागला.

आमच्या गल्लीत तो आता लागला आहे. दर दुसऱ्या भिंतीवर लोखंडी स्टँड आणि स्टँडवर आउटडोअर. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांचं घोडं अडलं होतं त्यांचंही गंगेत न्हालं. सप्टेंबरच्या पावसात एसी घेऊन आलेल्या शेजाऱ्यांना लोक हसले. एप्रिलमध्ये तेच लोक "जरा टेकतो" म्हणून त्यांच्याकडे दुपारी दोनला गेले आणि पाचला उठले.

इथपर्यंत सगळं सुखाचं. मग मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी एसी गार हवा देणं थांबवतो. बंद पडत नाही, कारण बंद पडला तर माणूस काही निर्णय तरी घेईल. दिवा चालू असतो, झडप खाली-वर होत असते, आकडा 18 दाखवत असतो, आणि हवा येते ती पंख्याची. घरातली माणसं एकेक करून त्याच्याखाली जमतात. एकाने हात वर करून हवा तपासली की दुसऱ्याला तपासल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यांचे हात वर होऊन खाली आले की निकाल लागतो, "गॅस गेला असेल."

हा निकाल द्यायला शिक्षणाची अट नाही. शेजारचे भाऊ देतात. कुरिअरवाला सही घेता घेता देतो. दूधवाला उंबऱ्याबाहेरूनच "गॅस गया व्हई" म्हणून मोकळा होतो. त्याने एसी पाहिलेलाही नसतो. घरातल्या सिलिंडरचा हिशेब इथे लागू केला जातो. सिलिंडर महिना-दीड महिना पुरतो, एसी तीन वर्षं चालला, म्हणजे आता संपलाच असणार. "किती वापरला आपण!" असं म्हणत वहिनी पोरांकडे बघतात, आणि पोरं मान खाली घालतात.

खरं म्हणजे एसीतला गॅस जळत नाही, वापरला जात नाही, जुनाही होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तो गोल गोल फिरतो. आत येताना घरातली उष्णता उचलतो, बाहेर जाऊन टाकतो आणि पुन्हा आत येतो. भरला तेवढा तो यंत्राच्या आयुष्यभर राहायला हवा. गेलाच तर कुठल्या तरी नटाच्या सांध्यातून किंवा कॉइलच्या बारीक छिद्रातून गेलेला असतो. मग आधी ते छिद्र शोधायचं, साबणाच्या फेसाने बुडबुडे बघायचे, सांधा नीट करायचा, नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची आणि आउटडोअरवरच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढा गॅस वजन करून भरायचा, असा क्रम आहे. हल्लीच्या बऱ्याच एसींत आर-32 असतो आणि तो थोडाफार पेट घेऊ शकतो, तेव्हा हे काम जाणत्याचंच. छिद्र न शोधता नुसता गॅस भरून दिला, तर पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दूधवाला पुन्हा खरा ठरतो.

पण गॅसच का? कॉम्प्रेसर आहे, पंखा आहे, मदरबोर्डसारखं एक पीसीबी नावाचं कार्ड आहे. कोणावरही आळ घेता येईल. बराच विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं, की गॅस आपल्याकडे लोकप्रिय आहे तो त्याच्या निरुपद्रवी स्वभावामुळे. तो दिसत नाही, त्याला वास नाही, तो स्वतःची बाजू मांडत नाही, आणि मुख्य म्हणजे तो घरात कोणाचा कोणी लागत नाही. गॅस गेला म्हटलं की कोणाचं चुकलं हा प्रश्नच उपस्थित होत नाही. खरा प्रकार बहुतेक वेळा इनडोअरचं झाकण उचललं की दिसतो, आणि म्हणूनच ते झाकण कोणी उचलत नाही. तिथे जाळी असते.

जाळी फार स्पष्टवक्ती. एकदा मी स्टुलावर उभा राहून ती काढली, तेव्हा जाळी अशी दिसलीच नाही. राखाडी रंगाचा एक जाडसर थर हातात आला. टोकाला नख लावलं तर तो अख्खा, एका तुकड्यात सोलून निघाला. त्यात वावटळीतली काळी माती होती, हिवाळ्यात जिनिंगकडून उडत आलेली कापसाची तूस होती, बाळाची पावडर होती, दिवाळीच्या रंगकामाचा चुना होता आणि एक मुंगळा होता, तो मात्र सुटा होता. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसीला कोणी हात लावत नाही. धुळ्याकडे तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग भेटतात. दोघांची धूळ कुठे तरी बसणारच. होळी झाली की आपण रिमोटमध्ये नवे सेल घालतो, गणपतीचं नाव घेतो आणि ही चार महिन्यांची धूळ तशीच ठेवून बटण दाबतो. हवा आत शिरायला जागा नसते. कॉइल गारठते, तिच्यावर बर्फ धरतो आणि त्या बर्फामुळे उरलीसुरली वाटही बंद होते. "बर्फ धरलाय म्हणजे चांगला गार होतोय" असं समाधान मानणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीत आहेत. त्यांची खोली सोडून त्यांच्या एसीत सगळं गार असतं.

तर तो थर मी वर्तमानपत्रावर ठेवला आणि सहज विचारलं, की ही जाळी शेवटची कधी धुतली होती? त्या क्षणी घरात जी पांगापांग झाली ती बघण्यासारखी होती. "मी तर कूलरमध्ये झोपते," आई. "मला तो आवाज सोसतच नाही, मी लावतच नाही," दादा. "माझी दहावी आहे," पुतण्या. ही सबब मार्चमध्ये परीक्षेबरोबर संपली होती, पण वापरात होती. जाळी पाण्याखाली धरायला जेमतेम दहा मिनिटं लागतात, एक रुपयाही लागत नाही, आणि मोसमात दर पंधरवड्याला धुतली तर निम्म्या तक्रारी उद्भवत नाहीत. पण जाळी धुवायची म्हणजे ती धुतली नव्हती हे कबूल करायचं. त्यापेक्षा काही हजारांचा गॅस परवडतो. जाळी घरात भांडण लावते, गॅस घराला एकत्र ठेवतो.

मग एसीवाल्याला फोन जातो. डिसेंबरात हाच माणूस रस्त्यात भेटला तर आपण ओळख देत नाही. मे महिन्यात तो "भाऊ" होतो, "दादा" होतो. त्याच्यासाठी माठातलं पाणी, वर ताक, आणि निघताना सोबत घरच्या केळीची फणी. तो सांगतो परवा येतो, आणि येतो आठवड्याने, कारण त्याचा परवा संबंध जळगाव जिल्ह्याला वाटून दिलेला असतो. बरोबर एक पोऱ्या असतो. त्याच्याकडे प्रेशरचा पंप, बादली आणि इनडोअरखाली बांधायची प्लॅस्टिकची झोळी. तो पाण्याचा फवारा कॉइलवर मारतो आणि झोळीतून बादलीत जे पाणी उतरतं ते पाहायला सगळं घर जमतं. आधी काळं, मग चॉकलेटी, मग चहासारखं. आई डोळ्यांवर विश्वास न बसून म्हणते, "हे आपण नाकात घेत होतो?" त्यावर कोणीच काही बोलत नाही. पण पुढच्या पाच मिनिटांत खोली गार पडते, आणि दादा पुटपुटतो, "तरी पण थोडासा गॅस भरून घेतला असता तर."

चांगला एसीवाला आत येण्याआधी गच्चीवर जातो, कारण दुखणं घरात असलं तरी बरेचदा मूळ बाहेर असतं. दीड टनाचा एसी म्हणजे 24 तासांत सुमारे साडेतेराशे किलो बर्फ वितळवायला लागेल एवढी उष्णता घरातून बाहेर काढायची क्षमता. किलोवॅटमध्ये सांगायचं तर सव्वापाच. त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज मिळवली की आउटडोअरला सतत सातेक किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची असते, तीही 44 अंशांच्या हवेत, पश्चिमेच्या उन्हात. त्याची एकच मागणी असते, की मागून-बाजूने हवा घेऊ द्या आणि पुढून सोडू द्या. आम्ही नेमकी तीच मान्य करत नाही. कोणी त्याला पाऊस लागू नये म्हणून गोणपाटात गुंडाळतो, कोणी चोर तांबं नेतील म्हणून भोवती पत्र्याची पेटी ठोकतो. कबुतरं हिवाळ्यात मागच्या बाजूला संसार थाटतात, आणि पिल्लं आहेत म्हणून ते काढताही येत नाही. पाल तर थेट कार्डावर जाऊन झोपते. दोन टोकांना एकदम पाय लागला की पालही जाते आणि कार्डही. एसीवाला ती वाळलेली पाल स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर घेऊन खाली येतो आणि बिलाआधी ती दाखवतो, म्हणजे आकडा ऐकताना सोपं जातं.

आमच्या आउटडोअरचा आजार वेगळा निघाला. चैत्र-वैशाख म्हणजे खान्देशात वाळवणाचे दिवस. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, नागलीचे पापड. गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. एका दुपारी आईच्या ध्यानात आलं, की आउटडोअरच्या तोंडाशी खाट ठेवली तर कुरडया निम्म्या वेळात वाळतात. वारा आहे, ऊब आहे, वर फुकट आहे. दुसऱ्या दिवशी खाट उभी करून यंत्राला टेकवली गेली, तिच्यावर ओलं धोतर, धोतरावर बिबडे. फेकलेली हवा बिबड्यांवर आपटून मागे फिरायची आणि यंत्र तीच हवा पुन्हा आत ओढायचं. आत आम्ही घामाघूम, वर बिबडे कडकडीत. एसीवाला भाऊ खाटेकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग अदबीने म्हणाला, "काकू, खाट हात-दोन हात लांब घ्या. बिबडे पण वाळतील, कॉम्प्रेसर पण वाचेल." आईला हा सौदा पटला नाही. "बाहेर टाकून देतंय ते यंत्र, त्याचा उपयोग केला तर बिघडलं कुठे?" या प्रश्नाला थर्मोडायनॅमिक्समध्ये उत्तर आहे, पण ते आईला सांगण्याची सोय थर्मोडायनॅमिक्समध्ये नाही. शेवटी भाऊंना बिबड्यांची पुडी बांधून दिली गेली आणि खाट वीतभर हलली.

यंत्राची बाजू घ्यायची तर एक गोष्ट मान्य करावी लागते, की बिचाऱ्याला जळगावची कल्पनाच देण्यात आलेली नाही. साध्या एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश धरून. 35 म्हणजे आमच्याकडे सकाळी अकराची वेळ, स्वेटर नुकतेच माळ्यावर गेलेले असतात. डब्यावरचे तारे ठरवतानाही बाहेरचं तापमान 24 पासून 43 अंशांपर्यंत धरतात. म्हणजे पाच तारे मिळवून पास झालेला एसी आमच्या गावात येतो आणि मे महिन्यात पाहतो तर पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा. बाहेरचा पारा चढत जातो तशी त्याची ताकद उतरत जाते, आणि ती सगळ्यांत जास्त लागते तेव्हाच सगळ्यांत कमी असते. 46 अंशांवर तपासलेले कॉम्प्रेसर मिळतात. घेताना तेवढं विचारावं. आम्ही विचारतो, "याच्यासोबत स्टँड फुकट आहे का?"

वॉरंटीचं कार्ड वाचलं तर स्टँड, गॅस, प्लॅस्टिकचे भाग आणि विजेच्या चढउताराने झालेलं नुकसान वगळून उरेल ते सगळं तिच्यात बसतं. रावेर-यावलच्या केळीची स्थिती याहून बरी. तिला हवामानावर आधारित पीकविमा आहे. तापमान सलग काही दिवस ठरलेल्या अंशांच्या वर राहिलं की शेतकऱ्याला भरपाई मिळू शकते. जळगावच्या केळीला 2016 पासून भौगोलिक मानांकनही आहे. एसीला यातलं काही नाही. तो निव्वळ नोकरी करतो.

विजेचा प्रकार तर विचारूच नका. भुसावळजवळ दीपनगरला 500-500 मेगावॅटचे दोन मोठे संच धडधडतात, साक्रीजवळ शिवाजीनगरला सौरप्रकल्प आहे, ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या फिरतात. वीज आमच्या अंगणात तयार होते आणि आमच्या माजघरात पोचेपर्यंत थकते. दुपारी तीनला गल्लीतले सगळे एसी एकदम चालू झाले की स्टॅबिलायझरवर 190, 184, 177 असे आकडे उतरत जातात, मग आतून 'ठक' असा आवाज येतो आणि सगळं शांत. वीज परत आली तरी कॉम्प्रेसर लगेच उठत नाही. नळ्यांमधला दाब दोन्हीकडे सारखा व्हायला तो तीनेक मिनिटं घेतो, आणि तसा वेळ घेतला नाही तर त्याचंच नुकसान आहे. माणसाला मात्र मे महिन्यात तीन मिनिटं कोणी दिलेली नाहीत. रिमोट ओढला जातो, बंद-चालू, बंद-चालू, 18, 17, 16. सेलची टोपणं उघडून सेल चोळले जातात. तीन मिनिटं भरून कॉम्प्रेसर आपणहून उठतो, आणि ज्याच्या हातात त्या वेळी रिमोट असतो तो घरात जाणकार ठरतो. कधी मात्र आउटडोअर नुसता घुमतो आणि उठत नाही. तेव्हा आतला कॅपॅसिटर उष्म्याने फुगलेला असू शकतो. तो बदलायला गॅसच्या मानाने किरकोळ खर्च येतो, म्हणून दादाला ते निदान हलकं वाटतं.

अर्थिंगची गोष्ट खास आमच्या मातीतली. काळी जमीन उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत चप्पल अडकते. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी झाली की ती वीज नीट उतरवून घेत नाही आणि आउटडोअरच्या पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात. एसीवाल्याने सांगितलं, खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओता. नळाला पाणी कधी येतं याची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या घरात, जमिनीतल्या तारेला रोज बादलीभर पाणी पाजायचं हे आईला पटवायला जाळी धुण्यापेक्षा जास्त धैर्य लागलं.

या सगळ्यात कूलर निवृत्त झालेला नाही. आजीचा त्याच्यावर विश्वास आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. एप्रिल-मेमध्ये आमची हवा इतकी कोरडी असते, की वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून गेलेली 44 अंशांची हवा तिशीच्या आत-बाहेर येऊन पोचते, तेही एका पंख्याच्या आणि पाण्याच्या खर्चात. अडचण होते ती दोघे एकत्र आले की. आजी एसीच्या खोलीत यायला तयार झाली, पण कूलर घेऊन. दारात कूलर, भिंतीवर एसी. कूलर खोलीत पाणी घालतो, एसी त्याच पाण्याचे थेंब करून नळीतून बाहेर सोडतो, आणि दारातून बाहेरची ऊन हवा येते ती निराळी. दोघंही रात्रभर मन लावून काम करतात आणि त्यांच्या मेहनतीचं बिल आपण भरतो. आजीला समजावलं तर तिचं म्हणणं, "एसी कोल्डा गारठा देस, कूलरले वाळाना वास ऱ्हास." ज्यांना वासाचा मुद्दा खोडता येतो त्यांनी खोडावा.

एसीची खरी कसोटी आखाजीला. अक्षय्य तृतीयेला खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधले जातात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि रात्री आत्या, बहिणी, भाचरं असा सगळा गोतावळा एकाच खोलीत गाद्या टाकतो, कारण एसी एकाच खोलीत आहे. स्वस्थ पडलेला माणूसही शंभरेक वॅट उष्णता सोडतो. दहा माणसं झोपली की एक किलोवॅट झाला. म्हणजे सव्वापाच किलोवॅटच्या यंत्राचा पाचवा हिस्सा नुसता नात्यागोत्यात जातो. उरलेला दारातून. कोणाला पाणी हवं, कोणाला चार्जर, कोणाला "बाबा झोपले का" ते बघायचं. आणि आमरस-पुरणपोळीवर आडवी झालेली माणसं म्हणतात, "आज गार होत नाहीये. गॅस गेला असेल."

रिमोटवर युद्ध पेटतं ते याच रात्री. भाच्याला 16 हवं, मोठ्या आत्याला बंद हवा. 16 वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. साधा एसी 24 वर असो की 16 वर, कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने पळतो, फक्त थांबायचं कधी ते वेगळं. 1 जानेवारी 2020 पासून नवीन एसी सुरू केला की 24 वरच सुरू व्हावा असा नियम आहे, आणि एकेक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. भाच्याला मी केळीचं उदाहरण देऊन पाहिलं. केळीसारखं सोशिक फळ, पण 13 अंशांच्या खाली ठेवलं तर साल काळी पडते, म्हणून पिकवण केंद्रातही तिला फार गारठवत नाहीत. भाचा म्हणाला, "मामा, आपण 16 च ठेवतोय." त्याचं गणित चांगलं आहे.

जूनचा पहिला पाऊस पडला की नवा अध्याय. उन्हाळाभर कोरड्या हवेत एसीच्या नळीतून पाणी जेमतेम ठिबकतं, त्यामुळे नळी कोणाच्या खिजगणतीत नसते. तेवढ्या अवधीत कुंभारीण माशी तिच्या तोंडाशी मातीचं घर बांधून मोकळी होते, आत धूळ आणि शेवाळ साचतं. मग हवा दमट होते, कॉइलवर धो धो पाणी सुटतं आणि वाट न मिळाल्याने भिंतीवरून थेट देव्हाऱ्यातल्या फोटोवर उतरतं. नळीचं टोक काडीने मोकळं करून फुंकर मारली की काम होतं. पण दादाने वरून खाली येणारी ती धार बघितली, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "गॅसचं पाणी झालंय."

रिमोटच्या भांडणावर आणि न धुतलेल्या जाळीवर धुळ्याच्या मामांनी एक तोड काढली. देवपूरमधल्या त्यांच्या घरात सुना, मुलं, नातवंडं आणि एकच एसी. त्यांनी खडूने दारावर नियम लिहिला: 'जो रिमोट हातात घेईल, त्याने जाळी धुवावी.' पहिल्या आठवड्यात चमत्कार झाला. एसी 26 वर स्थिर, भांडण बंद, बिल खाली. मामांनी आम्हाला फोन करून अभिनंदन करून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात आकडा पुन्हा 18 वर दिसू लागला आणि जाळी जशीच्या तशी. चौकशीअंती उघड झालं, की रिमोट हातात कोणीच घेत नाही. तो टीपॉयवर ठेवलेला असतो, एसीच्या दिशेने तोंड करून, आणि जाता-येता ज्याला हवं तो वरून फक्त बोट दाबतो. धाकट्या सुनेने तर लाटण्याचं टोक वापरलं होतं. मामांनी सगळ्यांना समोर बसवून विचारलं, तर मोठा नातू, जो वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणाला की नियमात 'हातात घेणं' आहे, 'बोट लावणं' नाही. नियमात दुरुस्ती करायची बैठक पुढच्या रविवारी बोलावली आहे. ती एसीच्या खोलीत ठेवावी की गच्चीवर, यावर सध्या दोन तट पडले आहेत.